तीन ग्रॅमच्या ‘कागदा’ने धुणं निघतं का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पावडर कमी वापरा म्हणून लिहिलं होतं, त्यात दोनच ओळी डिटर्जंट शीटबद्दल होत्या आणि नेमकी त्या दोन ओळींवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून यावेळचं सगळं सदर शीटलाच देतेय. मी स्वतः गेले आठ महिने घरी शीट वापरतेय, पुण्यात, पालिकेच्या नळाच्या पाण्यावर, सात किलोच्या फ्रंट लोडमध्ये, चार माणसांचं धुणं, त्यात एक शाळेत जाणारा मुलगा जो रोज चिखलात लोळून येतो. पावडर मी पूर्ण सोडलेली नाही आणि का नाही सोडली ते खाली येईलच.

प्रश्न: ताई, ही शीट म्हणजे नक्की काय असतं? कागद आहे का? मग तो मशीनमध्ये अडकत नाही का? (नाशिक)

कागद नाही हो. दिसते कागदासारखी, हाताला जाड टिश्यूसारखी लागते, पण आत असतं ते मळ काढणारं डिटर्जंट, थोडं ग्लिसरीन, थोडा स्टार्च, सुगंध, काही कंपन्यांच्या शीटमध्ये एन्झाईम, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवायला पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, ज्याला थोडक्यात पीव्हीए म्हणतात. हे पीव्हीए पाण्यात विरघळतं म्हणून शीट दिसेनाशी होते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडच्या मंडळींना हे नाव नवीन नाही, सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ देतात त्यात स्टार्चबरोबर हेच वापरतात. डोळे कोरडे पडतात त्यांच्या काही ड्रॉप्समध्ये पण हेच असतं. शोध जुना आहे, १९२४ सालचा, जर्मनीतला. त्यामुळे ‘नवं तंत्रज्ञान’ वगैरे जे पाकिटावर लिहितात ते जरा जपून वाचा, वस्तू जुनीच आहे, फक्त साबणाला असा आकार दिलाय.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. मी स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर एक शीट ठेवली, ३ ग्रॅम भरली. मग माझ्या पावडरच्या डब्यातला चमचा नेहमीसारखा शिगोशीग भरून ठेवला, ५८ ग्रॅम. म्हणजे एका बाजूला तीन आणि एका बाजूला अठ्ठावन्न. हे बघून मी त्या दिवशी खरंच थांबले. अर्थात ही तुलना सरळसरळ करायची नाही, कारण पावडरमध्ये सगळंच मळ काढणारं नसतं, बराचसा धुण्याचा सोडा असतो, सोडियम सल्फेट असतं जे बऱ्यापैकी भरती म्हणूनच असतं, आणि लिक्विडमध्ये तर मोठा हिस्सा पाणीच असतं. पण तरी तीन ग्रॅम म्हणजे तीनच ग्रॅम, त्यातला काही भाग पीव्हीएचा, उरलेल्यात किती मळ निघणार याला मर्यादा आहे. शीट चांगली की वाईट हा प्रश्नच नाही, तुमच्या कपड्यांना तीन ग्रॅम पुरतात का हा प्रश्न आहे. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स नावाची ग्राहकांसाठी वस्तू तपासणारी संस्था आहे, त्यांनी शीट तपासल्या तेव्हा चांगल्या लिक्विडपेक्षा त्या बऱ्याच मागे पडल्या. माझाही अनुभव साधारण तसाच, पण माझ्या धुण्यातले निम्म्याहून जास्त कपडे मळलेले नसतातच, एकदा घातलेले, घामट झालेले असतात एवढंच, आणि तेवढ्याला शीट पुरते.

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. दोन महिने शीट वापरली, कपडे खरखरीत झाले, पांढरे बनियन राखाडी दिसायला लागले. सून म्हणते शीटच बोगस आहे. (सोलापूर)

काकू, सुनेचं निरीक्षण बरोबर आहे पण दोष पाण्याचा आहे. तुमच्याकडे तुरीची डाळ त्या बोअरच्या पाण्यात लवकर शिजत नसणार, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर जमत असणार, नळाच्या तोंडाशी चुन्यासारखं साचत असणार. हे सगळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे, त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, आणि खोल बोअरचं पाणी त्या वरच्या आकड्याकडे सहज जाऊ शकतं.

आता हे कॅल्शियम करतं काय, तर डिटर्जंट कपड्यावरच्या मळाला जाऊन चिकटायच्या आधीच त्याला पकडतं. म्हणजे तुमचे तीन ग्रॅम मळापर्यंत पोचतच नाहीत, वाटेतच खर्च होतात. पावडरमध्ये धुण्याचा सोडा एवढ्यासाठीच घातलेला असतो की तो आधी कॅल्शियमला गुंतवून ठेवतो आणि मग डिटर्जंट मोकळं राहतं. शीटमध्ये एवढा सोडा मावतच नाही, तीन ग्रॅमच्या पातळ पट्टीत कुठे मावणार. आणि मग मळ निघाला तरी तो पाण्यात तरंगत न राहता परत कपड्यावर बसतो, बनियन राखाडी दिसतं ते त्यामुळे.

आधी एक साधी तपासणी करा. रिकामी पारदर्शक बाटली घ्या, बोअरचं पाणी अर्धी भरा, त्यात अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका (डिटर्जंट नको, साबणच हवा, डिटर्जंट जड पाण्यातही थोडाफार फेसाळतो) आणि झाकण लावून जोरात हलवा. दुसऱ्या बाटलीत साठवलेलं पावसाचं पाणी नाहीतर आरओचं पाणी घेऊन तेच करा. पावसाच्या पाण्यात वर दाट फेस उभा राहील. जड पाण्यात फेस बसतो आणि खाली ताकासारखं गढूळ पाणी होऊन वर चिकट साय येते. ही साय म्हणजे तुमच्या बनियनवर जे बसतंय तेच.

तुम्हाला शीटच वापरायची असेल तर मशीनमध्ये शीटबरोबर दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाका. धुण्याचा हं, खायचा नाही, खायच्या सोड्याने हे काम होत नाही. किराणा दुकानात सुटा मिळतो, स्वस्त असतो. हाताने धुताना मात्र सोड्याचं पाणी हाताला लागू देऊ नका, कातडी फाटते. पण खरं सांगू का, सोलापूरच्या बोअरच्या पाण्याला मी शीट सुचवणारच नाही. चांगली पावडर मोजून घाला. शीटसाठी जास्त पैसे देऊन वर सोडा आणायचा म्हणजे घरीच पावडर बनवण्यासारखं झालं.

प्रश्न: कामाच्या मावशींना शीट अजिबात आवडत नाही. फेस येत नाही म्हणतात आणि माझ्या नकळत वरून पावडर घालतात. त्यांना कसं समजावू? (ठाणे)

मावशी चुकीच्या नाहीत, त्यांनी तीस वर्षं फेस बघूनच धुणं केलंय. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या साबण म्हणजे फेस हेच समीकरण आहे, आणि साबणाच्या वडीच्या बाबतीत ते खरंही होतं, फेस आला म्हणजे पाण्यातले क्षार संपवून वर साबण शिल्लक राहिलाय असा त्याचा अर्थ व्हायचा. डिटर्जंटच्या बाबतीत तसं नाही. फेस आणि मळ निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फेस कमी येणारं डिटर्जंट मुद्दाम बनवता येतं, फ्रंट लोडची पावडर तशीच असते. फ्रंट लोडमध्ये तर जास्त फेस त्रासच देतो, कारण कपडे वरून खाली आपटून स्वच्छ होतात आणि मध्ये फेसाची गादी झाली की आपटणंच होत नाही, वर मशीन फेस काढायला जादा पाणी घेत बसतं.

माझ्याकडच्या मावशींना मी समजावलं नाही, दाखवलं. दोन बादल्या, दोन्हीत सारखेच चार चार कपडे, एकीत अर्धी शीट आणि एकीत त्यांची नेहमीची मूठभर पावडर. शीट आधी मगभर कोमट पाण्यात विरघळवली, मग बादलीत ओतली. अर्धा तास भिजवलं. पावडरच्या बादलीतले कपडे तीन पाण्यातून काढावे लागले तेव्हा कुठे बुळबुळ गेली, शीटच्या बादलीतले दोन पाण्यात निघाले. पाणी भरायचं कोणाला लागतं, मावशींनाच. शिवाय त्यांच्या बोटांच्या पेरांना ज्या चिरा पडायच्या आणि त्या रात्री खोबरेल लावून झोपायच्या, ते सोड्याच्या पाण्यात रोज हात असल्यामुळे होतं. शीटचं पाणी त्यामानाने सौम्य असतं. पूर्ण निरुपद्रवी नाही, डिटर्जंट कुठलंही असो हाताचा तेलकटपणा काढतंच, पण फरक पडतो. आता त्या साध्या कपड्यांना शीट घेतात आणि पायपुसण्यांना, फडक्यांना पावडर. हा निर्णय त्यांचा, आणि मला तो एकदम योग्य वाटतो. तुमच्या मावशींनाही ठरवू द्या, त्यांच्या हाताला जे कळतं ते आपल्याला पाकीट वाचून कळत नाही.

प्रश्न: मुलाच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं. डागावर वडी घासून शर्ट शीट टाकून मशीनला लावला तर डाग लाल झाला! शीटमध्ये काही केमिकल आहे का? (कोल्हापूर)

नाही नाही, घाबरू नका, तो लाल रंग हळदीचाच आहे. हळद आणि चुना एकत्र केला की कुंकू होतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं ना, तेच तुमच्या शर्टावर झालंय. हळदीतला कर्क्युमिन नावाचा रंग अल्कलीत लाल होतो, आणि साबणाची वडी अल्कलीच असते. भरपूर पाण्यातून काढला की परत पिवळा होईल.

आणि मग तो पिवळा डाग उन्हात घाला. कडक उन्हात, डाग वरच्या बाजूला, कपडा ओला असताना. कर्क्युमिन उजेडाला टिकत नाही, एक दोन दुपारीत डाग फिका पडत जातो आणि बऱ्याचदा पूर्ण जातो. हे मी मुलाच्या युनिफॉर्मवर कित्येकदा केलंय. फक्त वरणात तूप फोडणी असते तो तेलकट भाग आधी काढायला हवा, त्यावर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने चोळून दहा मिनिटं ठेवा, मग धुवा, मग ऊन. एकटी शीट हळद काढणार नाही, महागडी पावडर पण काढणार नाही, हे काम उन्हाचं आहे. आणि रक्ताचा डाग असेल तर आधी थंड पाणी, गरम अजिबात नाही, गरम पाण्याने तो धाग्यात पक्का बसतो.

प्रश्न: पावडरपेक्षा महाग पडते का? हिशोब कसा करायचा? (छत्रपती संभाजीनगर)

पडते. आजच्या घडीला बहुतेक घरांत पडते. पाकिटाची किंमत भागिले त्यात किती धुणी होतात ते, एवढाच हिशोब. पण पाकिटावर ‘६० वॉशेस’ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा अर्धी शीट किंवा अगदी कमी मळलेला छोटा लोड धरून असतं, तुमचं मशीन भरून धुणं असेल तर एक नाहीतर दीड शीट लागणार. समजा पाकीट ४८० रुपयांचं आहे आणि ६० धुणी म्हणतात, म्हणजे ८ रुपये धुणं. पण तुम्हाला प्रत्येक वेळी दीडपट लागलं तर ते १२ रुपये झालं. दुसरीकडे पावडर समजा १२० रुपये किलो आणि तुम्ही ६० ग्रॅम घालता, तर सव्वासात रुपयांच्या आत धुणं होतं. आणि मागच्या अंकात सांगितल्याप्रमाणे ६० च्या जागी ४० ग्रॅम घातली तर पाच रुपयेसुद्धा लागत नाहीत. (आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या दुकानातले भाव टाकून करा.)

ज्यांचं महिन्याचं बजेट घट्ट आहे त्यांनी पर्यावरणाच्या नावाखाली शीट घेतलीच पाहिजे असं काहीही नाही. १९६९ साली अहमदाबादहून निरमा आली आणि घराघरात पावडर गेली ती स्वस्त होती म्हणून, आणि आजही स्वस्त पावडर मोजून वापरणारी बाई कोणापेक्षा कमी जबाबदार नाही. हे मी मनापासून लिहितेय कारण दोन पत्रांत अगदी अपराधी वाटल्यासारखं लिहिलंय की ताई आम्हाला शीट परवडत नाही.

प्रश्न: प्लॅस्टिक फ्री म्हणून घेतली आणि आता कळलं की शीटमध्येच प्लॅस्टिक असतं. मग फसवणूकच ना? आमच्या इंद्रायणीत आधीच फेस आहे. (पिंपरी-चिंचवड)

या प्रश्नाला जरा वेळ घेऊन उत्तर देते.

पीव्हीए हा पॉलिमर आहे, पेट्रोलियमपासून बनतो, त्या अर्थाने प्लॅस्टिकच्या कुटुंबातलाच. पण पिशवीच्या प्लॅस्टिकसारखे त्याचे तुकडे तुकडे होत नाहीत, तो पाण्यात पूर्ण विरघळतो. विरघळला म्हणजे नाहीसा झाला का, तर नाही, मीठ पाण्यात विरघळलं तरी पाण्यात असतंच की. पुढे जिवाणूंनी तो खाऊन संपवायला हवा. काही जातींचे जिवाणू ते करू शकतात, पण त्यांची संख्या भरपूर हवी, त्यांना सवय झालेली हवी, वेळ मिळायला हवा, आणि हे सगळं जुळून येतं ते चांगल्या चालणाऱ्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात. कंपन्या ज्या चाचण्या दाखवतात त्यात २८ दिवसांत ६० टक्क्यांहून जास्त विघटन झालं तर ‘सहज विघटनशील’ म्हणतात, आणि शीटसाठी वापरतात तशा प्रकारचं पीव्हीए ही परीक्षा पास होतं असं त्यांचं म्हणणं. उलट बाजूने २०२१ मध्ये अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अंदाज मांडला की अमेरिकेत कपड्यांच्या आणि भांड्यांच्या पॉड्समधून (म्हणजे पीव्हीएच्या पातळ वेष्टनात भरलेल्या डिटर्जंटच्या छोट्या पुड्या) जाणाऱ्या पीव्हीएपैकी साधारण ७५ टक्के तसंच पर्यावरणात जातं. आता हेही सांगायला हवं की त्या अभ्यासाला पैसे ब्लूलँड या कंपनीने दिले होते जी पीव्हीए नसलेल्या साबणाच्या गोळ्या विकते, आणि साबण उद्योगाने तो आकडा मान्य केलेला नाही. २०२२ मध्ये याच कंपनीने अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला की पीव्हीएची नीट तपासणी होईपर्यंत त्याला सुरक्षित यादीतून काढा, तो अर्ज २०२३ मध्ये फेटाळला गेला. म्हणजे वाद अजून चालू आहे, आणि दोन्हीकडचे लोक काहीतरी विकतायत हे लक्षात ठेवून वाचायचं.

पण आपल्याकडचा खरा मुद्दा वेगळाच आहे. हे सगळं वाद घालणारे लोक असं गृहीत धरतात की सांडपाणी आधी प्रक्रिया केंद्रात जातं. आपल्याकडे कित्येक गावांचं आणि शहरांच्या वाढत्या उपनगरांचं सांडपाणी ओढ्यानाल्यातून तसंच नदीत जातं. आळंदीला इंद्रायणीवर जो पांढरा फेस तरंगताना तुम्ही बघता, वारीच्या तोंडावर दरवर्षी ज्याचे फोटो येतात, तो घरातल्या आणि कारखान्यांतल्या प्रक्रिया न केलेल्या पाण्याचा आहे. त्या पाण्यात शीट गेली काय, पावडर गेली काय, लिक्विड गेलं काय, डिटर्जंट ते डिटर्जंटच. शीटने एवढंच होतं की दर धुण्यामागे कमी रसायन जातं, सोडा आणि सल्फेटचे क्षार तर खूपच कमी जातात, आणि लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वाचते. या गोष्टी खऱ्या आहेत, छोट्या आहेत पण खऱ्या आहेत. ‘नदी वाचवणारी शीट’ असं जर कुठे लिहिलेलं असेल तर ते खोटं आहे.

आणि एक हात जोडून विनंती. गेल्या वर्षी वारीला निघालेल्या एका ग्रुपला कोणीतरी शीटची पाकिटं वाटली, हलकी, सांडत नाहीत म्हणून, कल्पना छानच. पण मग मंडळी नदीच्या पाण्यात उभी राहून त्याच शीटने कपडे धुवायला लागली, इको फ्रेंडली आहे म्हणून. असं नका करू हो. पात्रात काहीच टाकू नका. बादलीत पाणी घ्या, काठापासून लांब जाऊन धुवा, आणि ते पाणी मातीत ओता, माती थोडंफार तरी गाळते आणि मातीत जिवाणूही जास्त असतात.

प्रश्न: पावसाळ्यात आमच्या शीट एकमेकींना चिकटून एकच वडी झाली. टाकून द्यायच्या का? (रत्नागिरी)

टाकू नका. जो गुण शीटला पाण्यात विरघळवतो तोच कोकणच्या हवेत तिला ओली करतो, पीव्हीए हवेतला ओलावा ओढून घेतं. डिटर्जंट खराब झालेलं नाही. सुरीने अंदाजे एका शीटएवढा तुकडा कापा, मगभर गरम पाण्यात ढवळून विरघळवा आणि लिक्विडसारखं वापरा. पुढच्या वेळी पाकीट आणलं की पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, मशीनजवळ नाही तर कपाटात, आणि ओल्या हाताने कधी उचलू नका. जून ते सप्टेंबर मोठं पाकीट घेऊच नका तुमच्याकडे.

प्रश्न: तान्ह्या बाळाच्या कपड्यांना चालेल का? आणि घरात दीड वर्षाचा दुसरा मुलगा आहे जो सगळं तोंडात घालतो. (बेळगाव)

बाळाच्या कपड्यांना बिनवासाची शीट घ्या, त्यात ‘फ्रॅग्रन्स’ लिहिलेली नको. लंगोट, झबली जादा एका पाण्यातून काढा, मशीनला एक्स्ट्रा रिन्सचं बटण असतं ते दाबा. बाळाच्या अंगावर पुरळ उठलं तर आधी शीट बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा, घरगुती प्रयोग नकोत.

दीड वर्षाच्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. शीट वासाची असते, रंगीत पाकिटात असते, लहान मुलाला ती खाऊसारखी वाटू शकते, आणि ओल्या जिभेला लागली की लगेच चिकटते. वरच्या कप्प्यात, झाकण लावून ठेवा. चुकून तोंडात गेलीच तर बोटाने उरलेली काढा, तोंड ओल्या फडक्याने पुसा, उलटी मुळीच करवू नका, फेसाने श्वासनलिकेत जायचा धोका असतो, आणि पाकीट हातात घेऊन डॉक्टरकडे जा. डोळ्यात गेलं तर नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा, घड्याळ लावून, कारण दोन मिनिटं सुद्धा तेव्हा पंधरा वाटतात, आणि मग डॉक्टर.

प्रश्न: मुलगी म्युनिकला शिकायला चाललीये. बॅगेत शीट द्यावी का? (नागपूर)

जरूर द्या. मला शीटचा सगळ्यात खणखणीत उपयोग इथेच वाटतो. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर लिक्विड नेता येत नाही, शीटला तो नियमच लागत नाही, सांडायचं टेन्शन नाही, वजन नाही. पहिला महिनाभर पुरेल एवढी द्या, मग ती तिथलं काय ते बघून घेईल. तिथे मशीन स्वतः पाणी तापवतात, त्यामुळे ३० किंवा ४० डिग्रीवर लावलं की शीट नीट विरघळते. म्युनिकचं पाणी मात्र चांगलंच जड आहे हे तिला सांगून ठेवा, मळके कपडे असतील तर तिथली पावडर घ्यावी. आणि पाकीट मूळ लेबलसकट द्या, सुट्या पांढऱ्या पट्ट्या झिपलॉकमध्ये नको, कस्टमवाल्यांना समजावत बसायला लागेल.

प्रश्न: रेशमी आणि लोकरी कपडे? (सातारा)

शीटच्या घटकांत प्रोटीएज लिहिलेलं असेल तर नको. ते प्रथिनं तोडणारं एन्झाईम आहे आणि रेशीम, लोकर ही दोन्ही प्रथिनंच आहेत. साध्या रेशमी ओढणीला रिठ्याचं पाणी आजही उत्तम. पैठणीला घरी पाणीच लावू नका.

प्रश्न: काळ्या कुर्त्यावर धुतल्यावर पांढरट चिकट ठिपके राहतात. (पुणे)

शीट पूर्ण विरघळली नाही. तीन कारणं असतात, पाणी फार थंड (पुण्यात डिसेंबर जानेवारीत सकाळी टाकीचं पाणी बर्फासारखं असतं), पंधरा मिनिटांचं क्विक वॉश, किंवा ड्रम ठासून भरलेला. माझ्याही काळ्या सलवारीवर एकदा बरोबर गुडघ्याशी असा नखाएवढा चट्टा राहिला होता, वाळल्यावर डिंकासारखा कडक. शीट ड्रमच्या तळाशी आधी टाका आणि कपडे वरून, ड्रॉवरमध्ये नको. थंडीत ती आधी मगभर कोमट पाण्यात हलवून घ्या, फ्रंट लोडला ते पाणी लिक्विडच्या कप्प्यात ओतता येतं, टॉप लोडला सरळ टबमध्ये. मी आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी असंच करते आणि नंतर एकदाही डाग राहिला नाही.

जो कुर्ता आता हातात आहे तो सोसवेल इतक्या गरम पाण्यात दहा पंधरा मिनिटं ठेवा, ठिपका बोटांत चोळला की बुळबुळीत होऊन सुटेल, मग साध्या पाण्यातून काढा. फक्त ठिपका असताना त्यावरून इस्त्री फिरवू नका, तापवलं की पीव्हीए परत विरघळायला फार कठीण होतं.